भाड्याचा गाऊन आणि पहिलीचा उंबरठा

मार्च संपत आला की आमच्या भागातल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर एक ठरलेला फोटो दिसू लागतो. पाच-सहा वर्षांचं मूल, अंगात काळा गाऊन, डोक्यावर झुपकेदार गोंड्याची चौकोनी टोपी आणि हातात रिबिनीने बांधलेली कागदाची गुंडाळी. खाली 'ग्रॅज्युएशन डे' असं लिहिलेलं. मूल सीनियर केजी पास होऊन पहिलीत चाललेलं असतं. पूर्वी हे पुण्या-मुंबईकडचं कौतुक होतं. आता ते भीमाशंकरच्या पायथ्याशी, आमच्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या गावांतही आलं आहे. त्यात हिंदू-मुसलमान असा काही फरक नाही. सगळ्यांच्या मुलांची टोपी सारखीच कानावर घसरते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मुलांचं कौतुक करायला माझा विरोध नाही. खर्चावरून कुणाला टोचायचं असाही हेतू नाही. पण आपण सोहळा चुकीच्या जागी करतो आहोत असं मला वाटतं. सहा वर्षांच्या मुलाचं काहीच संपलेलं नसतं, तेव्हा तर सुरू व्हायचं असतं. आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. म्हणून त्यांनी शिक्षणाचे सगळे सोहळे आरंभाला ठेवले होते. शेवटाचा सोहळा सहाव्या वर्षीच उरकला की पुढच्या पंधरा-सोळा वर्षांकडे बघायची आपली नजर सैल पडते, आणि आमच्या समाजातल्या मुलींची गळती नेमकी त्याच वर्षांत होते.

हा विषय यंदा माझ्या घरातच आला. धाकट्या भावाची मुलगी, म्हणजे माझी भाची, या वर्षी 'ग्रॅज्युएट' झाली. भाऊ मंचर-घोडेगाव-भीमाशंकर रस्त्यावर प्रवासी जीप चालवतो. श्रावणात आणि महाशिवरात्रीला त्याला जेवायला फुरसत नसते, एरवी फेरीला सवारी मिळेल की नाही याचा भरवसा नाही. गाऊन, टोपी, फोटो आणि नाश्ता मिळून शाळेने 800 रुपये घेतले. त्याने ते हसत दिले. मीही सुट्टी टाकून गेले. मी जुन्नर तालुक्यात उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे घरात शिक्षणाचं काहीही असलं की पहिली हाक मला येते.

कार्यक्रम छान झाला. एकेका मुलाचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. भाचीने माईकवर इंग्रजीत चार वाक्यं म्हटली. मोठी झाल्यावर मी डॉक्टर होणार, अशा अर्थाची. एक शब्दही अडखळली नाही. नंतर मी तिला त्या वाक्यांतल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "मालूम नही फुफू, टीचरने ऐसाच बोलने को बोले." मग टोपी काढून तिने ती दोन्ही हातांत धरली आणि विचारलं, "फुफू, ये टोपी वापस देने की क्या?" टोपी आणि गाऊन भाड्याचे होते, संध्याकाळपर्यंत परत करायचे होते. मी हो म्हटलं. तिला फार वाईट वाटलं नाही, ती समोसा खायला पळाली. प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला.

माझी भावजय तेव्हा डोळे पुसत होती. त्या अश्रूंची कुणी थट्टा करू नये. ती आठवी शिकली आहे. तिच्या माहेरच्या गावात उर्दू शाळा तिथपर्यंतच होती. पुढच्या वर्गासाठी एसटीने रोज दुसऱ्या गावी जावं लागलं असतं, आणि मुलीला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून शाळा सुटली. तिच्या आईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या घरात कुणाच्या अंगावर पदवीचा गाऊन पडला असेल तर तो या सहा वर्षांच्या पोरीच्या. माझंही वेगळं नाही. बी.ए.ची आणि बी.एड.ची दोन्ही प्रमाणपत्रं मी खिडकीवर सही करून घेतली, गाऊन कधी घातला नाही. तेव्हा गाऊनची हौस कुठून येते हे मला चांगलं समजतं. जे आपल्याला मिळालं नाही ते लेकराच्या अंगावर बघायचं असतं. ही हौस खोटी नाही. पण तिच्यासाठी सहाव्या वर्षी काळा गाऊन कशाला, हा प्रश्न तरीही विचारायला हवा.

हा झगा युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांतून आला. तिथे शिकणारे बहुतेक पाद्री वर्गातले असत आणि लांब झगे हा त्यांचा नेहमीचा पोशाख होता. वर्षानुवर्षं अभ्यास करून, परीक्षा देऊन जो विद्वानांच्या पंगतीत बसायला लायक ठरला त्याची ती खूण. किंडरगार्टनची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये ब्लँकेनबुर्ग इथे लहान मुलांची शाळा काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं. मूल हे रोपटं, शिक्षक हा माळी, आणि खेळ हेच काम, असा तो विचार. सरकारला तोही धोक्याचा वाटला. प्रशियात 1851 मध्ये किंडरगार्टनवर बंदी आली आणि ती 1860 पर्यंत टिकली. बागेतल्या रोपाला पदवी देण्याची कल्पना फ्रोबेलच्या विचारात कुठेच बसत नाही. रोप लावलं की पाणी घालायचं असतं.

आता आपल्याकडे बघू. हिंदुस्थानातल्या मुसलमान घरांत मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की 'बिस्मिल्ला'चा कार्यक्रम करायची पद्धत होती. मुलाला नवे कपडे घालायचे, घरातल्या बुजुर्गाने किंवा उस्तादाने समोर बसवायचं, बिस्मिल्ला म्हणून घ्यायची आणि सूरह अलकच्या सुरुवातीच्या आयती त्याच्या तोंडून वदवून घ्यायच्या. ज्या वहीची सुरुवात 'इकरा' म्हणजे 'वाच' या शब्दाने झाली, तिथूनच मुलाने सुरुवात करावी ही त्यामागची भावना. त्या आयतींत कलमाचा, म्हणजे लेखणीचा उल्लेख आहे. मग बताशे वाटायचे आणि दुसऱ्या दिवशीपासून अलिफ-बे सुरू. या चार-चार-चारच्या हिशेबाला कुराण-हदीसचा आधार नाही, तो इथला रिवाज आहे. म्हणून काही उलेमा तो सोडून द्या म्हणतात. फर्ज म्हणून तो कुणी करावा असं माझंही म्हणणं नाही. पण त्याच्यामागची अक्कल बघा. मूल वाचायला लागणार, हीच घरातली मोठी बातमी होती. कुराण वाचून पूर्ण झालं की मग 'आमीन'चा कार्यक्रम होई, तोही खरोखर काहीतरी पूर्ण झाल्यावर.

शेजारच्या मराठी घरांतही हेच होतं. दसऱ्याला पाटीपूजन होतं, पाटीवर एक-एक आकडा जोडून सरस्वती काढली जाते. जुन्या काळी मुलाला पहिला धडा 'ओम नमः सिद्धम्'चा मिळायचा, त्यावरून मराठीत आरंभालाच 'ओनामा' म्हणू लागले. 'श्रीगणेशा करणे' हाही तसाच शब्द. आम्ही घरात 'चलो, बिस्मिल्ला करो' म्हणतो, अर्थ तोच. दोन्ही समाजांच्या बोलीत आरंभाला मानाचं नाव आहे. आणि आजही जिल्हा परिषदेच्या शाळांत जूनच्या पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होतो. पहिलीच्या मुलांना गुलाबाचं फूल देतात, कुठे बैलगाडीतून मिरवतात, हातात नवी पुस्तकं ठेवतात. सरकारी शाळेत चांगलं काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा दिवस एकदा बघावा. मिरवणूक शाळेकडे जाते, शाळेतून बाहेर नाही.

बालवाडीचा विचार करायचा तर आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ती आपल्याच महाराष्ट्रात, साध्या लुगड्यातल्या बायांनी उभी केली आहे. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पण ताराबाईंना टोचत होतं की हे शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांपुरतं राहतंय. 1945 मध्ये त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं झाली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, तिला 'कुरणशाळा' म्हणाले. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

तीच अंगणवाडी आमच्या भीमाशंकरच्या डोंगरात आहे. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत माझी ड्युटी डिंभे धरणाच्या वरच्या बाजूच्या एका महादेव कोळी वस्तीत लागली होती. मतदान केंद्राला लागूनच अंगणवाडीची खोली. भिंतीवर सेविकेने स्वतः रंगवलेली अक्षरं आणि शेकरूचं चित्र, कोपऱ्यात हिरड्याच्या आणि चिंचोक्यांच्या डब्या, मोजायला. रात्री तिनेच आम्हा बायकांची झोपायची सोय केली. ती सांगत होती, भाताची कापणी झाली की घरं कामासाठी बागायती गावांकडे उतरतात, मुलंही जातात, मग परत आलेल्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं. ती वजनं करते, लसीकरणाच्या दिवशी मुलं गोळा करते, पोषण आहार शिजवून घेते, नोंदी मोबाइलवर भरते, आणि उरलेल्या वेळात शिकवते. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना 2015 पासून आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण तिथे मिळतं, पुढे लहान मुलांसाठी अंडी-केळीही त्यात आली. रामेश्वरमच्या नावाड्याच्या मुलाचं नाव भीमाशंकरच्या डोंगरातल्या ताटाशी जोडलेलं आहे, हे मला फार बरं वाटतं.

त्या अंगणवाडीतून पहिलीत जाणाऱ्या मुलांना गाऊन मिळत नाही. त्यांच्या सेविकेला तर 'शिक्षिका' हे नावसुद्धा मिळत नाही. तिला पगार नव्हे, मानधन मिळतं. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या होत्या आणि तो संप जानेवारी 2024 पर्यंत चालला. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला 25 एप्रिल 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. मुलाच्या आयुष्यातली पहिली गुरू तीच, आणि आपण टाळ्या कुणासाठी वाजवतो तर भाड्याच्या झग्यासाठी. मेंदूची वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांत सर्वांत वेगाने होते हे आता सगळे मान्य करतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षांचा काळ एकच पायाभूत टप्पा धरला आहे. म्हणजे सरकारी हिशेबानेही सीनियर केजी हा शेवट नाही. तो पाच वर्षांच्या टप्प्यातला तिसरा पाडाव आहे, पहिली आणि दुसरी त्याच टप्प्यात येतात. अर्ध्या वाटेत पदवी कसली?

शिक्षिका म्हणून माझी खरी काळजी भाषेची आहे. माझी भाची घरात आपली हिंदी-दखनी बोलते, गल्लीत अस्सल घोडेगावची मराठी, संध्याकाळी मकतबमध्ये अरबी हरफ ओळखते, आजीकडून उर्दू दुआ शिकली आहे, आणि शाळेत इंग्रजी. पाच भाषांचा वारा या वयात लागला हे तिचं नशीब. पण यातल्या ज्या भाषेत ती भांडते, रुसते, गोष्ट सांगते, त्या भाषेत वाचायला तिला अजून कुणी शिकवलेलं नाही. आणि ज्या भाषेत ती माईकवर बोलली, ती तिला अजून कळत नाही. हा तिचा दोष नाही, तिच्या टीचरचाही पूर्ण नाही. आम्ही पालकांनीच तसं मागितलं आहे. इंग्रजी पाहिजेच, मी स्वतः तिला शिकवते आहे. पण वाचणं म्हणजे अक्षरातून अर्थ काढणं. अर्थ नसलेलं पाठांतर कितीही गोड असलं तरी त्याला वाचन म्हणता येत नाही. आम्ही मुसलमानांनी तर हे नीट समजून घ्यायला पाहिजे. आमच्या घराघरांत मुलं अर्थ न कळता कुराण पढतात, त्याचा अदब आणि सवाब आपल्या जागी. पण दुनियेची किताब तशी पढून भागत नाही.

हा फक्त आमच्या घरचा प्रश्न नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' अहवालाप्रमाणे, सरकारी शाळेत तिसरीत असलेल्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं 2022 मध्ये 16.3 टक्के होती आणि 2024 मध्ये 23.4 टक्के. वाढ चांगली आहे, त्यामागे शिक्षकांचे कष्ट आहेत. तरी चारपैकी तीन मुलं मागेच आहेत. म्हणून तर 2021 मध्ये 'निपुण भारत' अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं हे त्याचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी 2026-27 ची मुदत ठरवली आहे. माझ्या वर्गात पाचवीला येणारी काही मुलं आजही ओळीवर बोट ठेवून अक्षर-अक्षर जोडतात. त्यातल्या कुणाच्या घरी भिंतीवर केजीचा गाऊनमधला फोटो असतो. फोटो खोटा नसतो. पण तो बघून घरच्यांना वाटत राहतं की पाया झाला.

आता मुलींबद्दल. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर 2006 मध्ये आला. 6 ते 14 वयोगटातली जवळजवळ एक चतुर्थांश मुस्लिम मुलं एकतर कधीच शाळेत गेलेली नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. मुसलमानांची मुलं सगळी मदरशात जातात, हा समजही त्याच अहवालाने खोटा ठरवला. शाळेच्या वयातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी सुमारे 4 टक्केच मदरशात होते. म्हणजे आमची मुलं मदरशामुळे मागे राहिली नाहीत, ती शाळेतून गळाली म्हणून मागे राहिली. तेव्हापासून बरंच बदललं, आमच्या मुली बारावीला आणि कॉलेजात दिसतात, काही मुलांपेक्षा पुढे असतात. पण गळतीच्या जागा त्याच आहेत. गावातली उर्दू शाळा चौथीला किंवा आठवीला संपते, ती पहिली जागा. माध्यम बदलतं आणि मूल गोंधळतं, ती दुसरी. मुलगी वयात आली, एसटीची वेळ गैरसोयीची आहे, ती तिसरी. दहावीनंतर चांगलं स्थळ आलं, ती चौथी. माझी भावजय पहिल्या आणि तिसऱ्या जागेच्या मधे कुठेतरी गळाली. या एकाही जागी टाळ्या वाजवणारं कुणी उभं नसतं. केजीच्या कार्यक्रमाला आजी, नानी, चाचा, मामू, फुफू सगळे येतात. आठवीतून नववीत जाणाऱ्या मुलीच्या मागे किती जण उभे असतात?

काही वाचक म्हणतील, फुफूबाई, एक दिवस पोरांना नटवलं तर एवढं भाषण कशाला? लेकरं खूश होतात, आई-बाप खूश होतात. खरं आहे. कुणी म्हणेल, या फोटोमुळेच मुलीला मोठं होऊन खरा गाऊन घालावासा वाटेल. तसं झालं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. मी भाचीचा फोटो फ्रेम करायला विरोध केला नाही. पण स्वप्न दाखवायला 800 रुपये पुरतात, त्या स्वप्नाला रोज काहीतरी द्यावं लागतं. पैशापेक्षा जास्त, वेळ द्यावा लागतो.

म्हणून काही गोष्टी सुचवते. त्या करायला कुणाची परवानगी लागत नाही.

पहिली गोष्ट, शाळांनी हा कार्यक्रम ठेवायचाच असेल तर ठेवावा, पण गाऊनचे पैसे पुस्तकात घालावेत. प्रत्येक मुलाला त्याच्या घरच्या भाषेतलं एक चित्रांचं पुस्तक द्यावं. ते संध्याकाळी परत करायचं नसतं. आणि माईकवर मुलांनी पाठ केलेलं भाषण म्हणण्याऐवजी, त्यांना येते ती गोष्ट, येते त्या भाषेत सांगू द्यावी. ती अडखळली तरी चालेल.

दुसरी गोष्ट आमच्या जमातींसाठी. बिस्मिल्लाचा रिवाज घरगुती थाटात न ठेवता मोहल्ल्याचा करावा. जूनमध्ये एका दिवशी पहिलीत जाणारी सगळी मुलं-मुली बोलवाव्यात, गरीब-श्रीमंत एका सतरंजीवर. पाटीवर एका बाजूला अलिफ, दुसऱ्या बाजूला 'अ'. इमामसाहेबांनी दुआ करावी आणि गावातल्या अंगणवाडी सेविकेचा, मग ती कुठल्याही धर्माची असो, सत्कार करावा. जुन्नर हे एके काळी कागदासाठी नाव असलेलं गाव. जुन्नरी कागद दूरवर जाई आणि तो बनवणारे कागदी आमचेच लोक होते. ज्यांनी दुनियेला लिहायला कागद दिला त्यांच्या मुलांच्या हातात पहिली वही देण्याचा सोहळा जमातीने करावा, यात नवं काहीच नाही.

तिसरी गोष्ट घरातली, आणि ती सर्वांत अवघड. 2022 पासून राज्यात 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारी मेळावे होतात, त्यात आयांचे गट करतात आणि घरी मुलाशी काय खेळायचं याची कार्डं देतात. आठवी शिकलेली आईसुद्धा ते करू शकते. माझ्या भावजयीला मी एवढंच सांगितलं आहे की रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं मुलीला जवळ घेऊन एक पान वाच, उर्दू वाच नाहीतर मराठी वाच, पण अर्थ बोलत वाच. ती म्हणाली, "आपा, माझं वाचणं हळू आहे." हळूच वाचायचं असतं. मुलीला आईचं बोट ओळीवरून सरकताना दिसलं पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट आम्हा सगळ्या फुफू, खाला, चाचा, मामूंसाठी. केजीला एकदा टाळ्या वाजवल्या की आपली जबाबदारी संपत नाही. भाची चौथी संपवेल तेव्हा पुढची शाळा शोधायला तिच्यासोबत जायचं आहे. आठवी संपेल तेव्हा एसटीचा पास काढून द्यायचा आहे आणि कुणी 'आता पुरे' म्हणालं तर त्याच्यासमोर उभं राहायचं आहे. दहावीला स्थळ आलं तर नम्रपणे 'अजून नाही' म्हणायचं आहे. भावाला मी हे सांगितलं आहे, आणि त्याने मान हलवली आहे. त्याची मान त्याला पुढे आठवण करून द्यायला मला लागेलच.

जूनमध्ये शाळा उघडेल. त्या दिवशी मीही माझ्या शाळेच्या फाटकात नव्या मुलांना घ्यायला उभी असेन, त्यामुळे भाचीच्या पहिल्या दिवशी मला जाता येणार नाही. भावाला सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी पहिली फेरी सोड, जीपमध्ये एकटी तीच सवारी असू दे, आणि तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडून ये.